कुंभारीण नेमकी कोण? स्केलिफ्रॉन प्रजातीचं शास्त्रीय वर्गीकरण, पायरीपायरीने

खिडकीच्या चौकटीत चिखलाची गोळी घेऊन येणारी, पिवळ्या-काळ्या पायांची, दोऱ्यासारख्या बारीक कंबरेची माशी तुम्ही नक्की पाहिली असेल. आपण तिला कुंभारीण म्हणतो. ती पोळं करून कळपाने राहत नाही. एकटीच घर बांधते, एकटीच कोळी पकडून आणते, प्रत्येक खणात एक अंडं घालते आणि खण लिंपून निघून जाते. म्हणून ती एकांडी गांधीलमाशी. शास्त्रात तिच्या प्रजातीचं नाव स्केलिफ्रॉन.

या नावापर्यंत मी पोहोचले ती बऱ्याच चुका करून. तक्ता पाठ होता, पण समोरच्या माशीला तो लावायचा कसा, हे कोणी सांगितलं नव्हतं. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हा लेख. एक गोष्ट आधीच सांगते: वर्गीकरणाची प्रत्येक पायरी म्हणजे एक दावा असतो आणि त्या दाव्याचा पुरावा माशीच्या अंगावर असतो. प्रत्येक पायरीवर 'हे कशावरून?' असं विचारत गेलात, तर पाठांतराची गरज फारशी उरत नाही.

आधी जवळ काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तम, पण प्रजातीपर्यंत यायला बहुतेक वेळा भिंग पुरतं.
- जवळून फोटो काढता येईल असा कॅमेरा आणि मिलिमीटरच्या खुणांची पट्टी.
- कीटकांसाठीच्या बारीक टाचण्या, मऊ चिमटा, झाकणाची डबी.
- पेन्सिल आणि वही. शाई ओल लागली की पसरते.
- ओळखतक्ता, म्हणजे 'हे लक्षण आहे का? असेल तर इकडे, नसेल तर तिकडे' अशा जोडप्रश्नांची यादी.
- त्या प्रजातीची एखादी समग्र उजळणी, म्हणजे तिच्या सगळ्या जातींचा एकत्र फेरआढावा, आणि नावांची अद्ययावत सूची. स्फेसिडी कुलासाठी कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये कीटकशास्त्रज्ञ पुलाव्स्की यांनी जोपासलेली सूची सर्वांत भरवशाची. ती इंटरनेटवर खुली आहे.

माशी मारायलाच हवी असं नाही. खिडकीच्या आतल्या बाजूला, दिव्याखाली मेलेल्या माश्या सापडतात आणि सुरुवातीला त्या पुरतात. संरक्षित जंगलात मात्र परवानगीशिवाय काहीही गोळा करू नका, मेलेलं सुद्धा.

१. 'जाती' आणि 'प्रजाती' यांची गल्लत आधी सोडवा

मराठीत वाचणाऱ्यांची पहिली फसगत इथेच होते. पाठ्यपुस्तकातली उतरंड अशी: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे प्रजाती हा मोठा गट आणि जाती हा त्यातला एक सदस्य. बातम्यांत मात्र 'नवी प्रजाती सापडली' असं छापतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना जाती म्हणायचं असतं. या लेखात स्केलिफ्रॉन ही प्रजाती आहे आणि तिच्यात सुमारे ३५ जाती आहेत.

उतरंडीच्या मधल्या पायऱ्याही लागतात: कुलाच्या वर अधिकुल, कुलाच्या खाली उपकुल, त्याखाली ट्राइब. इथे एक बारीक सापळा आहे. उपकुलाच्या नावाचा शेवट आणि ट्राइबच्या नावाचा शेवट रोमन लिपीत वेगळा असतो, पण देवनागरीत लिहिताना दोन्ही 'स्केलिफ्रिनी' असेच लिहिले जातात. त्यामुळे मूळ रोमन स्पेलिंग एकदा डोळ्यांखालून घाला आणि वहीत तेच उतरवा.

स्केलिफ्रॉनचा पूर्ण पत्ता असा: प्राणिसृष्टी, संधिपाद संघ, कीटक वर्ग, हायमेनॉप्टेरा गण, एपॉयडिया अधिकुल, स्फेसिडी कुल, स्केलिफ्रिनी उपकुल, त्याच नावाची ट्राइब, स्केलिफ्रॉन प्रजाती. आता हा पत्ता माशीच्या अंगावर शोधू या.

२. चिखल आणि रंग तूर्त बाजूला ठेवा

चिखलाचं घर दिसलं की 'स्केलिफ्रॉन' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. तो आवरा. चिखलाने बांधणाऱ्या माश्या अनेक कुलांत आहेत. युमेनीस ही सुगडासारखा इवलासा गोल घडा करते. ती व्हेस्पिडी कुलातली, आणि मराठीत तिलाही कुंभारीणच म्हणतात. ट्रिपॉक्सिलॉनच्या काही जाती बासरीसारख्या लांब नळ्या करतात. ऑप्लोपस ही कोळी मारणाऱ्या पॉम्पिलिडी कुलातली माशी चिखलाची छोटी पिंपं रचते. एकच धंदा वेगवेगळ्या घराण्यांनी आपापला उचलला आहे.

शिकार पाहिली तर थोडी मदत होते. युमेनीस मुख्यतः अळ्या साठवते, स्केलिफ्रॉन फक्त कोळी. जुनं घर सापडलं तर एक खण हलक्या हाताने उघडून आत काय उरलंय ते पाहा. कोळ्यांचे वाळलेले पाय ओळखू येतात. पण ट्रिपॉक्सिलॉनही कोळीच आणते, त्यामुळे या पुराव्यावर एकट्यावर विसंबता येत नाही.

घराबद्दलची माझी चूक इथेच सांगते. चिखलाचं एक जुनं घर मी बरणीत ठेवून वर जाळीचं कापड बांधलं होतं. काही दिवसांनी सकाळी पाहते तर एका खणाला वाटोळं भोक आणि बरणीच्या काचेवर एक माशी. नखशिखान्त निळी, मोरपंखाच्या डोळ्यासारखी झळाळणारी. मी तिलाच घर बांधणारी समजले, तशी नोंद केली, फोटोही पाठवले. ती होती कॅलिबियॉन. या प्रजातीच्या जाती स्वतः सहसा घर बांधत नाहीत, तयार पोकळ्या आणि स्केलिफ्रॉनची घरं वापरतात. उत्तर अमेरिकेतली कॅलिबियॉन कॅलिफोर्निकम तर पाणी आणून भिंत मऊ करते, आतले कोळी बाहेर टाकते आणि स्वतःचे कोळी व अंडं ठेवून खण पुन्हा बंद करते. घरातून जी निघाली ती बांधणारीच असेल असं धरू नका. कधी कधी त्यातून परजीवी कुक्कू गांधीलमाशी निघते, तर कधी मेलिटोबिया नावाच्या तिळाहून बारीक माश्यांचा झुबकाच्या झुबका.

३. अंगाचे भाग मोजायला शिका

गणाची खात्री सोपी आहे: पडद्यासारखे चार पंख, मागचे पुढच्यांहून लहान, आणि प्रत्येक बाजूला पुढचा व मागचा पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकवलेले. हायमेनॉप्टेरा.

अवघड पुढे आहे. ज्याला आपण 'कंबर' म्हणतो ती छाती आणि पोट यांच्या मध्ये नसतेच. या माश्यांच्या पोटाचा पहिला खंड छातीला चिकटून तिचाच भाग होऊन बसलेला असतो. कंबर येते ती पहिल्या आणि दुसऱ्या खंडाच्या मध्ये. त्यामुळे ओळखतक्ता 'पहिला खंड' म्हणतो तेव्हा कुठून मोजायचं, हे त्या तक्त्याच्या सुरुवातीच्या आकृतीत तपासून घ्या. बहुतेक तक्ते कंबरेपासून पुढे मोजतात. मी हे न पाहता एक अख्खा तक्ता एका खंडाच्या चुकीने चालवला होता आणि भलत्याच कुलात जाऊन पोहोचले होते.

त्याच बैठकीत नर की मादी तेही ठरवा. मादीच्या मिशांना १२ खंड, नराच्या मिशांना १३. मादीच्या पोटाचे दिसणारे खंड ६, नराचे ७. नांगी फक्त मादीला. हे वहीत लिहून ठेवा, पुढे जातीच्या पायरीवर यावरच सगळं अडतं.

४. खांदा पाहा. सगळ्यात मोठा फाटा इथे फुटतो

हीच पायरी शांतपणे करा.

माशीला बाजूने धरा, डोकं तुमच्या डावीकडे. डोक्याच्या लगेच मागे छातीची पहिली पट्टी असते, गळपट्ट्यासारखी. पुढच्या पंखाच्या बुडाशी एक छोटी वाटोळी खवली असते, पंखाच्या सांध्यावर टोपी घातल्यासारखी. आता पाहायचं एवढंच: गळपट्टा मागे ओढला जाऊन या खवलीला भिडतो का?

व्हेस्पिडी कुलात, म्हणजे पोळं करणाऱ्या गांधीलमाश्यांत आणि युमेनीसमध्ये, तो भिडतो. वरून पाहिलं तर गळपट्टा घोड्याच्या नालासारखा दिसतो. स्केलिफ्रॉनमध्ये तो सरळ आडवा असतो आणि त्याच्या खालच्या टोकाला एक छोटी गोल पाळी असते. ही पाळी खवलीच्या अलीकडेच थांबते. मधली फट भिंगातून स्वच्छ दिसते. प्रकाश तिरका पाडलात तर पाळीची सावलीही दिसेल.

पाळी अलीकडे थांबली की तुम्ही एपॉयडिया अधिकुलात आलात. या अधिकुलात आणखी कोण आहे? मधमाश्या. म्हणजे चिखलाची घरं बांधणारी, कोळी मारणारी ही माशी कागदी पोळं करणाऱ्या गांधीलमाशीपेक्षा मधमाशीच्या जवळची. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ भिंगाखाली त्या पाळीकडेच पाहत बसले होते. 'गांधीलमाशी' हा शब्द नात्याचा नाही, रूपाचा आहे, हे तिथे पटलं.

मधमाशी नाही ना, याची खात्री केसांवरून करा. मधमाश्यांच्या अंगावर फांद्या फुटलेले केस असतात, यांचे केस साधे. आणखी एक सोयीची खूण: व्हेस्पिडी बसल्यावर पुढचे पंख लांबीत दुमडून अरुंद करतात, स्केलिफ्रॉन दुमडत नाही. जिवंत माशीचा फोटो असेल तर ही खूण लगेच कळते.

५. कंबर पाहा: स्फेसिडी कुल

स्फेसिडीची कंबर म्हणजे खरोखरचा देठ. लांब, गोल, काडीसारखा, आणि तो फक्त पोटाच्या खालच्या तुकड्याचा बनलेला. वरचा तुकडा देठ संपल्यावरच सुरू होतो. सोबत मधल्या पायाच्या पोटरीच्या टोकाला दोन काटे आहेत का ते पाहा. देठ असा आणि काटे दोन, तर कुल स्फेसिडी.

वाळलेल्या माशीचा हा देठ बोट लागताच तुटतो. टाचणी लावण्यापूर्वी ओल्या कापसासोबत बंद डबीत एक दिवस ठेवा, सांधे मऊ होतात. टाचणी छातीच्या मध्यापासून जरा उजवीकडे टोचा, म्हणजे डावी बाजू अभ्यासाला अखंड राहते.

या कुलाबाबत जुनी पुस्तकं वाचताना गोंधळ होईल. बोहार्ट आणि मेन्के यांचा १९७६ चा जगभरच्या प्रजातींचा ग्रंथ आजही हाताशी ठेवावा असा आहे, पण त्यात 'स्फेसिडी' हे फार मोठं घर आहे. आज ज्यांना क्रॅब्रोनिडी म्हणतात त्या माश्याही त्यात आहेत. १९९९ मध्ये मेलो यांनी शरीररचनेच्या आधारे ते घर वेगळं केलं. २०१८ मध्ये सान आणि सहकाऱ्यांनी जनुकांचा मोठा संच वापरून दाखवलं की क्रॅब्रोनिडीही एकसंध नाही आणि अमोप्लॅनिडी नावाच्या चिमुकल्या माश्या मधमाश्यांच्या सर्वांत जवळच्या आहेत. सुदैवाने या उलथापालथीत स्केलिफ्रॉन स्फेसिडीतच राहिली. जुन्या पुस्तकातली लक्षणं वापरा, कुलाची नावं नव्या सूचीतून घ्या.

६. पाय, पंख आणि शेवटी रंग: प्रजाती

स्फेसिडीत स्केलिफ्रॉनशी गल्लत होईल अशा तीन प्रजाती सांगते.

स्फेक्स आणि अमोफिला जमिनीत बीळ करतात. त्यांच्या माद्यांच्या पुढच्या पायांवर लांब काट्यांची फणी असते, माती ओढायला. स्केलिफ्रॉन खणत नाही आणि तिला ही फणी नसते. पाय पाहा, दोघी बहुधा तिथेच गळतील. अमोफिलाची आणखी एक खूण म्हणजे देठाच्या पुढे वरचा तुकडाही लांबट झाल्यामुळे तिची कंबर दोन सांध्यांची दिसते.

पंखाच्या शिरा भीतीदायक वाटतात, पण तुम्हाला एकच जागा पाहायची आहे. पुढच्या पंखाच्या टोकाकडच्या भागात, वरच्या कडेजवळ एका ओळीत तीन छोटे खण असतात. खालून दोन शिरा चढत येऊन या ओळीला मिळतात. स्केलिफ्रॉनमध्ये सहसा दोन्ही शिरा मधल्या खणाला मिळतात. स्फेक्समध्ये दुसरी शीर सहसा तिसऱ्या खणाकडे सरकलेली असते. पंख पांढऱ्या कागदावर सपाट ठेवून फोटो काढा आणि मोठा करून मोजा. हा फोटो पुढे दहा वेळा उपयोगी पडतो.

उरली कॅलिबियॉन, सख्खी शेजारीण. ती बहुधा निळी, जांभळी किंवा हिरवट अशी धातूसारखी चमकते. स्केलिफ्रॉन काळी असते आणि तिच्यावर पिवळ्या किंवा तांबूस खुणा असतात. रंग मी शेवटी आणला तो मुद्दाम. कुल ठरल्यावर रंग कामाला येतो, त्याआधी फसवतो.

७. नाव वाचायला शिका

पूर्ण नाव असं लिहितात: स्केलिफ्रॉन मद्रासपटॅनम (फॅब्रिशियस, १७८१). यातला प्रत्येक तुकडा काहीतरी सांगतो.

फॅब्रिशियस यांनी १७८१ मध्ये ही जाती वर्णन केली. त्यांचं नाव कंसात का? कारण त्यांनी ती स्फेक्स प्रजातीत ठेवली होती आणि पुढे ती हलवली गेली. जाती आजही मूळ प्रजातीतच असेल तर कंस येत नाही. हा कंस सजावट नाही. नवखे तो सर्रास गाळतात, तुम्ही गाळू नका.

प्रजातीचं नाव स्केलिफ्रॉन क्लुग, १८०१. लॅट्रेयचं पेलोपियस हे नाव याच माश्यांसाठी दीर्घकाळ वापरात होतं, जुन्या लेखांत ते भेटेल. पण क्लुग यांचं नाव आधीचं, म्हणून तेच टिकलं. प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत अग्रक्रमाचा हा नियम आहे आणि गणती सुरू होते १७५८ पासून, लिनियस यांच्या 'सिस्टिमा नॅचुरे' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून. सध्याची संहिता चौथी, १ जानेवारी २००० पासून लागू.

स्केलिफ्रॉन हे नाव व्याकरणाने नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे विशेषण असलेलं जातीचं नावही तसंच होतं. स्मिथ यांनी १८७० मध्ये 'पेलोपियस कर्व्हेटस' म्हणून वर्णिलेली जाती स्केलिफ्रॉनमध्ये आल्यावर 'कर्व्हेटम' झाली. म्हणून सेमेंटेरियम, डेस्टिलॅटोरियम, मद्रासपटॅनम ही सगळी 'अम'वर संपतात. स्पिरिफेक्स मात्र बदलत नाही, कारण ते नाम आहे. हीच स्पिरिफेक्स प्रजातीची आदर्श जाती. उद्या स्केलिफ्रॉनचे कितीही तुकडे झाले तरी 'स्केलिफ्रॉन' हे नाव ज्या तुकड्यात स्पिरिफेक्स असेल त्याच्याकडेच जाणार.

नावाच्या अर्थावरून ठिकाण ठरवू नका. लिनियस यांनी नाव दिलेली स्केलिफ्रॉन एशियाटिकम आशियात नव्हे, दक्षिण अमेरिकेत राहते. नाव चुकीचं वाटतं म्हणून बदलता येत नाही, संहिता ते मान्य करत नाही.

८. जातीपर्यंत जाताना सावकाश

इथे एकट्या फोटोवर विश्वास ठेवू नका. पिवळ्या खुणा एकाच जातीत प्रदेशानुसार कमी-जास्त होतात, सेमेंटेरियममध्ये तर ठळकपणे. नर-मादीचे तक्ते वेगळे असतात, म्हणून तिसऱ्या पायरीवरची नोंद आता काढा. मूळ स्केलिफ्रॉन उपप्रजातीसाठी, म्हणजे प्रजातीच्या आतल्या त्याच नावाच्या गटासाठी, फान डेर फेख्त आणि फान ब्र्यूगेल यांची १९६८ ची उजळणी हा पाया आहे.

ठिकाणाचा आधार घ्या, पण आंधळेपणाने नको. या माश्यांची घरं सामानाला चिकटून प्रवास करतात. उत्तर अमेरिकेची सेमेंटेरियम अशीच युरोपात आणि पॅसिफिक बेटांवर पोहोचली. आशियातली कर्व्हेटम १९७९ मध्ये ऑस्ट्रियात नोंदली गेली आणि तिथून युरोपभर पसरली. तिची घरंही वेगळी, सुटे खण एकमेकांशेजारी, वरून एकत्र लिंपलेले नाहीत. 'या भागात ही जाती नाहीच' असं म्हणण्याआधी लक्षणं पुन्हा तपासा.

जनुकीय बारकोड, म्हणजे सीओआय जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा, मदत करतो. पण तुलनेसाठी साठवलेला नमुनाच चुकीच्या नावाने ठेवला असेल तर उत्तरही चुकीचं येतं. माशी जपून ठेवल्याशिवाय नुसता बारकोड पाठवू नका.

९. चिठ्ठी लिहा

प्रत्येक टाचणीवर दोन चिठ्ठ्या. वरच्या चिठ्ठीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. खालच्या चिठ्ठीवर ओळख, ती कोणी केली आणि कोणत्या वर्षी. ओळख बदलली तर जुनी चिठ्ठी काढू नका, तिच्याखाली नवी लावा. माझ्या त्या निळ्या माशीच्या टाचणीवर आज तीन चिठ्ठ्या आहेत: ठिकाणाची, चुकीच्या ओळखीची आणि बरोबर ओळखीची.

जातीची खात्री नसेल तर 'स्केलिफ्रॉन एसपी.' लिहून थांबा. ती पूर्ण, स्वीकारार्ह नोंद आहे. फोटो चार पाठवा: वरून, बाजूने, समोरून चेहरा आणि सपाट पंख. बाजूच्या फोटोत ती खांद्याची पाळी स्पष्ट आली आहे ना, एवढं पाठवण्याआधी पाहून घ्या. तपासणारा पहिल्यांदा तिथेच पाहतो.